आधी पाणी मोजा, मग खोल्या

लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटकाची प्रकृती आणि त्या बेटांची प्रकृती यांचा विचार एकत्रच करावा लागेल.

पाऊस ओसरला की मराठी घरांत सहलींचे बेत सुरू होतात. गोवा, केरळ, अंदमान पाहून झालेल्यांच्या यादीत अलीकडे लक्षद्वीपचे नाव बरेच वर आले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी या बेटांना भेट दिली आणि ज्यांनी नकाशात ती कधी शोधली नव्हती, तेही विमानाचे दर विचारू लागले. निळेशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, स्नॉर्केलिंग, स्कूबा, कयाक यांचे आकर्षण स्वाभाविक आहे आणि त्यात गैर काहीच नाही. बेटांवरच्या तरुणांना त्यातून रोजगार मिळतो, हेही चांगलेच. प्रश्न आहे तो किती माणसांनी जावे आणि ही संख्या कोणत्या मापाने ठरवावी, हा. सध्या चर्चा होते ती खोल्यांची, विमानफेऱ्यांची आणि धावपट्टीच्या लांबीची. आमच्या मते मोजमापाची सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून आणि प्रवाळापासून व्हायला हवी. त्यामागे साधे विज्ञान आहे आणि त्याचा संबंध पर्यटकाच्या स्वतःच्या जिवाशीही आहे.

पोवळे आपल्याला अंगठीतले माहीत असते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका वेगळ्या जातीच्या प्रवाळाचे असते. लक्षद्वीपची बेटे उभी आहेत ती उथळ, उबदार पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्यांवर. प्रवाळ हा प्राणी आहे. अगदी लहान आकाराचे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे कवच रचत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूमुळेच असतो. समुद्राखालचा जुना ज्वालामुखी खचत गेला आणि त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहिले, तर शेवटी मधोमध उथळ पाणी आणि भोवती प्रवाळाचे कडे एवढेच उरते, असे चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले. भूगोलाच्या पुस्तकात आपण ज्याला कंकणद्वीप म्हणतो, ते हेच. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही तिन्ही बेटसाखळ्या समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर बसलेल्या आहेत.

पर्यटकाला जे आवडते, ते सगळे या कड्याने दिलेले आहे. जगभरच्या प्रवाळकड्यांचा एकत्रित अभ्यास सांगतो की असे कडे लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा वाटेतच शोषून घेते. म्हणून बाहेर समुद्र खवळलेला असताना आतल्या लगूनमध्ये, म्हणजे कड्याआड अडलेल्या उथळ पाण्यात, नवख्यालाही उतरता येते. पांढरी वाळू हा प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा भुगा आहे. पोपटासारखी चोच असलेले मासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतात. बेटावरच्या माणसाचे पोटही याच पाण्यावर चालते. लक्षद्वीपचे मच्छीमार गळाच्या काठीने एकेक कुप्पा, म्हणजे ट्यूना, पकडतात. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष म्हणजे लगूनमधले आणि प्रवाळांच्या आसपासचे बारीक मासे. प्रवाळ गेले तर छायाचित्रे बिघडतीलच, पण आधी आमिष संपेल आणि मग चूल अडेल.

हे प्रवाळ आज आजारी आहेत. समुद्राचे पाणी त्या भागातल्या उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त राहिले आणि काही आठवडे तसेच टिकले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो. मग तो पांढराफटक दिसतो. याला विरंजन म्हणतात. विरंजन झालेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी वेळेत निवळले तर सावरतो, नाही तर मरतो. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे धक्के खाल्ले. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे पुन्हा सागरी उष्णतेची लाट आली आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर विरंजन आढळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जागतिक पातळीवरच्या चौथ्या विरंजनाची अधिकृत घोषणा झाली.

नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या तीन बेटांवर २४ वर्षे नोंदी ठेवल्या. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत प्रवाळांचे आच्छादन २०२२ पर्यंत १९ टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे जवळपास निम्मे. याच अभ्यासात आशेची एक जागा आहे. दोन धक्क्यांच्या मध्ये सुमारे सहा वर्षांची उसंत मिळाली तर प्रवाळांचा सावरण्याचा वेग वाढतो. आता कोणी म्हणेल की समुद्र तापतो तो जगाच्या धुरामुळे. मग चार पर्यटकांचे पाय प्रवाळावर पडले किंवा हॉटेलचे सांडपाणी मुरले, तर असा काय फरक पडणार? फरक पडतो तो या उसंतीच्या काळात. तापातून उठलेल्या माणसाला दूषित पाणी पाजावे आणि वर त्याच्याकडून ओझी वाहून घ्यावीत, तसे हे आहे. समुद्राचे तापमान लक्षद्वीपच्या प्रशासनाच्या हाती नाही. नांगर कुठे टाकायचा, मैलापाणी कुठे सोडायचे आणि लगूनमध्ये काय बांधायचे, हे मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती आहे.

आता पाण्याचा हिशेब. लक्षद्वीपची एकूण जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. माणसे राहतात ती दहाच बेटांवर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांवर होती, म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसे. नदी नाही, ओढा नाही, धरण नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असते, म्हणून हे शक्य होते. शास्त्रज्ञ याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात, कारण त्याचा आकार मधे जाड आणि कडेला पातळ असतो. छोट्या बेटावर हे भिंग जेमतेम काही मीटर जाडीचे असते. हिशेबाचा नियम कडक आहे. समुद्रसपाटीच्या वरची गोड्या पाण्याची पातळी एका मीटरने खाली गेली, तर खालून खारे पाणी तत्त्वतः सुमारे ४० मीटर वर चढते. म्हणूनच मोटार लावून विहीर उपसली की खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि एकदा खारावलेली विहीर लवकर सुधारत नाही. शिवाय ज्या वाळूतून पाऊस झरझर मुरतो, त्याच वाळूतून शोषखड्ड्यातले मैलापाणीही विहिरीकडे जाते. तिथून मग जुलाब, कावीळ, विषमज्वर हे आपल्या ओळखीचे आजार सुरू होतात.

यावर आपल्याच शास्त्रज्ञांनी एक चांगला मार्ग काढला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडले की त्याचा काही भाग उकळल्यासारखा वाफ होतो. सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की गोडे पाणी मिळते. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण कवरत्तीची लोकसंख्या २०११ मध्ये ११ हजारांच्या घरात होती. भागाकार केला तर माणशी नऊ लिटर येतात. पिण्यापुरते आणि रांधण्यापुरते. नंतर इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले, विहिरी आणि पावसाचे साठवलेले पाणीही आहे. तरी प्रमाण लक्षात घ्यायला हवे. हॉटेलातला अंघोळीचा टब एकदा भरायला दीडेकशे लिटर पाणी लागते. म्हणजे सोळा-सतरा बेटवासीयांचा त्या प्रकल्पातला दिवसाचा वाटा. हे यंत्र चालवायला वीज लागते आणि बेटांवरची वीज आजही बऱ्याच अंशी मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते.

शेजारच्या मालदीवकडे बोट दाखवून 'त्यांना जमते, आपल्याला का नाही' असे विचारले जाते. मालदीवने पर्यटनातून समृद्धी मिळवली, हे खरे आहे. पण त्या समृद्धीची दुसरी बाजूही पाहावी. माले शहराचा आणि रिसॉर्टांचा कचरा टाकायला जागा उरली नाही, म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थिलाफुशी या लगूनमध्ये भर घालून चक्क कचऱ्याचे बेट तयार झाले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी प्रकल्पात आग लागली, तेव्हा सुमारे एक लाख लोकांचे पिण्याचे पाणी एका दिवसात तुटले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. एका यंत्रावर अवलंबून असलेले बेट किती नाजूक असते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. पाण्यातले बंगले मालदीवचे म्हणून प्रसिद्ध आहेत. २०२१ मध्ये मिनिकॉय, सुहेली आणि कडमत इथे तसेच बंगले उभारण्यासाठी निविदा निघाल्या. लगूनच्या तळात खांब ठोकताना उठणारा गाळ प्रवाळावर बसतो आणि त्याचा प्रकाश अडवतो. ज्या देखाव्यासाठी बंगला बांधायचा, तोच असा झाकोळून जातो.

बेटाच्या प्रकृतीइतकीच पाहुण्याची प्रकृतीही इथे महत्त्वाची ठरते. लक्षद्वीप कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर दूर आहे. जहाजाने जायला चौदा ते अठरा तास लागतात. कवरत्ती, अगत्ती, मिनिकॉय इथे रुग्णालये आहेत, पण हृदयविकाराचा मोठा झटका, डोक्याला मार, गुंतागुंतीची शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते. हवामान साथ देईल तेव्हाच. मुंबई-पुण्यात ज्याला आपण किरकोळ समजतो, त्या दुखण्याची किंमत इथे अंतरामुळे वाढते. आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. हेलिकॉप्टर, खाटा, रक्ताच्या पिशव्या या सोयी मुळात बेटवासीयांसाठी आहेत. बेफिकीर पर्यटकाला हलवायला गेलेले हेलिकॉप्टर त्या वेळी अडलेल्या बाळंतिणीसाठी उपलब्ध नसते.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी थोडे शरीरविज्ञान समजून घ्यावे. दर दहा मीटर खोलीला शरीरावरचा दाब एका वातावरणाने वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर येताना घाई केली तर सोड्याच्या बाटलीचे झाकण एकदम उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखी, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, क्वचित अर्धांगवायू ही त्याची लक्षणे. यावरचा उपचार अतिदाबाच्या कक्षात होतो आणि अशी सोय छोट्या बेटावर गृहीत धरता येत नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरहून जास्त नको. वर येताना श्वास कधीही रोखू नये. रोखलेल्या श्वासाने फुप्फुसाला इजा व्हायला एक-दोन मीटर खोलीही पुरते. विमानात केबिनचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा कमी असतो, त्यामुळे एकदाच डुबी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेकदा मारली असेल तर किमान १८ तास विमानात बसू नये. सोपा नियम म्हणजे सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवावा. चार दिवसांच्या सहलीत 'पैसे वसूल' करण्यासाठी शेवटच्या सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान, असा बेत कोणी आखून दिला तर तो सरळ नाकारावा.

दमा, हृदयविकार, अपस्मार, पूर्वी फुप्फुस फाटल्याचा इतिहास, कानाचे दुखणे किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्कूबा नको. गर्भारपणात तर नकोच. साधी सर्दी असली तरी कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच डुबी मारणाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी. आरोग्याचा अर्ज भरायला दिला की सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लिहून मोकळे होण्याची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते. स्नॉर्केलिंगही वाटते तितके निरुपद्रवी नाही. दमछाक झालेला माणूस तोंड पाण्यात ठेवूनच शांतपणे बुडू शकतो आणि शेजारच्यालाही ते कळत नाही. ओहोटीच्या वेळी लगूनमधले पाणी कड्यातल्या खिंडींतून जोराने बाहेर पडते. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. जोडीदाराशिवाय आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय उतरू नये.

उन्हाचेही तसेच. पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या तासाभरात भाजतात आणि गार पाण्यामुळे ते जाणवत नाही. अंगभर लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला की क्रीम निम्म्याहून कमी लागते. काही सनस्क्रीनमधला ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला घातक असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा रसायनांवर निर्बंध घातले. प्रत्यक्ष समुद्रातल्या परिणामाबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि तापणाऱ्या पाण्यापुढे हे कारण लहान आहे. तरी कपड्याने भागत असेल तर रसायन कशाला? प्रवाळावर पाय ठेवू नये, त्यातही दोघांचे हित आहे. एका पावलाने मोडलेली फांदी वाढायला वर्षे लागतात, आणि प्रवाळाने कापलेली जखम चिघळते. अशी जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, आतले कण काढावेत आणि धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते पाहावे. वाळूत किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे.

हे झाले पाहुण्यांचे. पण सगळा भार पाहुण्यांच्या शहाणपणावर टाकून यंत्रणेने मोकळे होणे बरोबर नाही. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो. म्हणजे येणारा प्रत्येक माणूस आधीच मोजला जातो, मर्यादा घालण्याचे साधन हाती आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने बेटांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचा विचार करताना धारणक्षमतेवरच भर दिला होता. तो धागा पुढे न्यायला हवा. प्रत्येक बेटावर रोज किती गोडे पाणी तयार होते, विहिरींची क्षारता किती आहे आणि किती मैलापाण्यावर प्रक्रिया होते, हे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. बेटवासीयांची गरज भागून जे उरेल, त्यातून खोल्यांची संख्या ठरावी. आजचा क्रम उलटा आहे. आधी खोल्या ठरतात आणि पाण्याचे 'नंतर पाहू' म्हटले जाते. प्रत्येक डुबीच्या नावेवर प्राणवायूचा संच आणि प्रथमोपचार शिकलेला माणूस सक्तीचा असावा. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था समुद्राच्या तापमानावरून विरंजनाचे इशारे देते. असा इशारा आला की त्या भागातल्या डुब्या आपोआप बंद व्हाव्यात. थायलंडने माया बे हा जगप्रसिद्ध किनारा जून २०१८ मध्ये बंद केला, तो थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला, तोही नावांना उपसागरात मज्जाव करून आणि पर्यटकांची संख्या बांधून. पर्यटनावर जगणाऱ्या देशाने हे केले, हे महत्त्वाचे.

महाराष्ट्राने हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातल्या खडकांवरही प्रवाळ आहेत, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आहे, आणि हजारो मराठी माणसांची पहिली डुबी तिथेच होते. किती नावा, किती माणसे आणि कोणत्या खडकावर, हा हिशेब तिथेही मांडावा लागणार आहे.

बंगारमच्या कंकणातले परळी हे छोटे निर्मनुष्य बेट पूर्णपणे धुपून गेल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासाने दाखवले. लक्षद्वीपच्या ३६ बेटांतले एक कमी झाले. उरलेल्यांची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटरच वर आहे आणि त्यांची तटबंदी जिवंत प्रवाळांची आहे. तिथे जरूर जावे. मात्र आरक्षण करताना खोलीतून समुद्र दिसतो का, या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. पाणी कुठून येते, मैला कुठे जातो आणि नावेवर प्राणवायू आहे का? पुरेशा ग्राहकांनी हे विचारले, तर उत्तरे तयार ठेवणे यजमानांना भाग पडेल.